कन्व्हर्टर मेला कशाने? एका सुट्या भागाचा इतिहास

अमेरिकेत पीएचडीला गेलेली आपली मुलं बहुतेक वेळा एक जुनी गाडी घेतात. वीस-पंचवीस वर्षांची, दोन-तीन हात बदललेली, पण चालणारी. मग एक दिवस डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाला स्कॅनर जोडतो आणि कोड सांगतो: पी०४२०. म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेली आहे. गाडी जर कॅलिफोर्नियात असेल, तर हा दिवा पेटलेला असताना ती धुराच्या तपासणीत पास होत नाही. म्हणजे प्रश्न टाळता येत नाही.

आता पर्याय बघा. गाडीच्या कंपनीचा मूळ कन्व्हर्टर घ्यायचा, ज्याची किंमत कधी कधी अख्ख्या गाडीच्या किमतीजवळ जाते. किंवा दुसऱ्या उत्पादकाचा, ज्याला तिकडे आफ्टरमार्केट म्हणतात, तो स्वस्तातला घ्यायचा. किंवा भंगारातल्या गाडीचा काढून आणायचा. किंवा कोणीतरी हळूच सुचवतं तसं, कन्व्हर्टरच्या जागी सरळ पाइप जोडून टाकायचा.

वरवर पाहता हा पैशाचा प्रश्न आहे. पण यातला प्रत्येक पर्याय कोणत्या तरी वर्षी, कोणत्या तरी नियमामुळे तयार झाला किंवा बंद झाला. शिवाय या सगळ्याच्या आधी एक प्रश्न येतो, जो गॅरेजमध्ये फार कमी वेळा विचारला जातो: जुना कन्व्हर्टर मेला कशाने? या उपकरणाचा इतिहास बघितला तर तो सुरुवातीपासून याच प्रश्नाभोवती फिरतो. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी तो वाचावा असं मला वाटतं, कारण बिघाडाचं कारण न शोधता उपाय लावला की काय होतं, ते इथे तीन-चार वेळा दिसतं.

आधी कारण चुकलं

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर धुरक्याचा असा थर आला की लोकांचे डोळे चुरचुरले, थोड्या अंतरावरचं दिसेना. युद्धाचे दिवस होते, काहींना तर जपानने विषारी वायू सोडला असं वाटलं. मग संशय शहरातल्या एका कारखान्यावर गेला. तिथे कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनत होतं. कारखाना काही काळ बंद ठेवला. धुरकं काही गेलं नाही.

खरं कारण शोधणारा माणूस हवेच्या प्रदूषणावर काम करणारा नव्हताच. आरी हागेन-स्मिट हा मूळचा नेदरलँड्सचा, कॅलटेकमधला रसायनशास्त्रज्ञ. अननसाला वास कशाने येतो यावर त्याचं काम चाललेलं. अगदी कमी प्रमाणातले उडून जाणारे पदार्थ पकडायचे आणि ओळखायचे, हे तंत्र त्याच्या हाती होतं. तेच त्याने शहराच्या हवेला लावलं. १९५० च्या आसपास त्याने दाखवलं की पेट्रोलमधून सुटणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि डोळ्यांत पाणी आणणारं धुरकं त्यातून बनतं. ताणून ठेवलेल्या रबराला ओझोनमुळे भेगा पडतात, म्हणून साध्या रबराच्या पट्ट्याही पुरावा म्हणून वापरता आल्या.

म्हणजे धुरकं कुठल्याही एका नळीतून बाहेर पडत नव्हतं. गाड्यांमधून बाहेर पडत होता तो कच्चा माल, आणि धुरकं आकाशात शिजत होतं. एक कारखाना बंद करून काही झालं नाही, ते यामुळे.

यंत्र तयार होतं, पेट्रोल तयार नव्हतं

या बातम्या वाचून अस्वस्थ झालेल्यांत यूजीन हूद्री होता. हा फ्रेंच अभियंता अमेरिकेत स्थायिक झालेला. उत्प्रेरक वापरून कच्च्या तेलातून चांगलं पेट्रोल काढण्याची पद्धत त्यानेच १९३० च्या दशकात उद्योगात आणली होती. म्हणजे ज्याने पेट्रोल वाढवलं, तोच आता त्याचा धूर साफ करायला निघाला. त्याने त्यासाठी वेगळी कंपनी काढली आणि १९५६ मध्ये त्याला उत्प्रेरकाच्या रचनेचं अमेरिकन पेटंट मिळालं. बंद गोदामांत चालणाऱ्या फोर्कलिफ्टसारख्या गाड्यांवर अशी उपकरणं वापरलीही गेली.

पण रस्त्यावरच्या मोटारींवर ती चालेनात. कारण होतं शिसं. १९२१ मध्ये जनरल मोटर्समधल्या थॉमस मिज्लीला टेट्राएथिल लेड हे संयुग सापडलं. ते पेट्रोलमध्ये मिसळलं की इंजिनची खडखड, म्हणजे नॉकिंग, थांबते. १९२३ पासून असं पेट्रोल विकायला आलं आणि पुढच्या तीस वर्षांत तेच नेहमीचं पेट्रोल झालं. उत्प्रेरकाचं सगळं काम त्याच्या पृष्ठभागावर चालतं. शिशाचे संयुग त्या पृष्ठभागावर बसत जातात, मग धुरातल्या वायूंना तिथे जागाच उरत नाही. रसायनशास्त्रात यालाच उत्प्रेरकाची विषबाधा म्हणतात.

हूद्री १९६२ मध्ये वारला. मोटारीच्या दृष्टीने त्याचं उपकरण तेव्हा अयशस्वी ठरलेलं होतं. पण नीट बघितलं तर त्याचा कन्व्हर्टर वाईट नव्हता, त्यात जे सोडलं जात होतं ते वाईट होतं. जुन्या गाडीच्या बाबतीत हेच वाक्य पुन्हा लागू पडतं, त्याकडे आपण येऊच.

१९७५: एका भागासाठी सगळे पंप बदलले

१९७० च्या शेवटी अमेरिकेत स्वच्छ हवेचा नवा कायदा झाला. त्यात म्हटलं होतं की १९७५ च्या मॉडेलपासून गाड्यांमधला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ९० टक्क्यांनी कमी झाले पाहिजेत. कसे कमी करायचे ते कायद्याने सांगितलं नाही. कंपन्या कोर्टात गेल्या, पर्यावरण खात्याने १९७३ मध्ये एका वर्षाची मुदतवाढ दिली, पण मधल्या काळासाठी तात्पुरती मर्यादा घातली. तीही बऱ्यापैकी कडक होती.

होंडाने वेगळी वाट काढली. सीव्हीसीसी नावाच्या इंजिनात ज्वलनच असं घडवलं की कन्व्हर्टरशिवाय तेव्हाची मर्यादा पाळता आली. हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण नंतर मागे वळून बघताना कन्व्हर्टर हा एकमेव मार्ग होता असं वाटायला लागतं. तसं नव्हतं. पण बाकी बहुतेक कंपन्यांनी कन्व्हर्टर निवडला. कॉर्निंग कंपनीतल्या संशोधकांनी मधमाशीच्या पोळ्यासारखी, शेकडो बारीक नळ्यांची सिरॅमिकची वीट बनवली होती. तिच्यावर अॅल्युमिनाचा खडबडीत थर आणि त्या थरात प्लॅटिनम गटातल्या धातूंचे अतिसूक्ष्म कण. त्यामुळे थोड्या धातूला प्रचंड पृष्ठभाग मिळतो. आजही आतून कन्व्हर्टर असाच असतो.

आणि या विटेला वाचवायचं तर पेट्रोलमधून शिसं काढायलाच हवं होतं. १ जुलै १९७४ पासून मोठ्या पंपांवर शिसेविरहित पेट्रोल ठेवणं सक्तीचं झालं. नव्या गाड्यांच्या टाकीचं तोंड मुद्दाम अरुंद केलं, म्हणजे शिसेवाल्या पेट्रोलची जाड नळी त्यात जाऊच नये. शिशाने मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम हा वाद तेव्हा चालू होताच, आणि शिशाचं प्रमाण घटवण्याचे नियम त्यासाठी वेगळे झाले. पण पंपावर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचं झालं ते लोखंडी डब्यातली वीट वाचवायला. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसं पूर्ण बंद व्हायला १९९६ साल उजाडलं.

तीन वायू, आणि चौथीच गोष्ट मोजणारा दिवा

सुरुवातीचे कन्व्हर्टर दोनच कामं करायचे: कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन यांना ऑक्सिजन देऊन जाळायचं. नायट्रोजन ऑक्साइडच्या बाबतीत उलट, त्यातून ऑक्सिजन काढून घ्यायचा असतो. एकाच डब्यात द्यायचं आणि घ्यायचं, हे दोन्ही जमतं ते हवा आणि पेट्रोल यांचं वजनी प्रमाण साधारण १४.७ ला १ असताना, आणि तेही अगदी अरुंद पट्ट्यात. त्यासाठी धुरातला ऑक्सिजन बघून इंजिनला सतत सूचना देणारा सेन्सर लागतो. बॉशचा असा सेन्सर आणि तीन वायूंवर काम करणारा कन्व्हर्टर एकत्र घेऊन व्होल्वोने १९७७ च्या मॉडेलची गाडी कॅलिफोर्नियात आणली. तेव्हापासून कन्व्हर्टर हा सुटा भाग राहिला नाही, इंजिन, सेन्सर आणि संगणक यांच्या साखळीतला एक दुवा झाला.

प्रमाण थोडं इकडे-तिकडे होतंच, म्हणून थरात सेरियम ऑक्साइड मिसळतात. ते जास्तीचा ऑक्सिजन साठवतं आणि कमी पडला की सोडतं, आपल्या घरातल्या पाण्याच्या टाकीसारखं.

१९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या गाड्यांना ओबीडी-२ ही स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा सक्तीची झाली. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक सेन्सर. पुढच्याचा सिग्नल सतत वर-खाली होतो. कन्व्हर्टर निरोगी असेल तर तो हे चढउतार गिळतो आणि मागचा सिग्नल जवळपास स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की संगणक पी०४२० नोंदवतो.

इथे जरा थांबा. हा कोड तीनपैकी एकही प्रदूषक मोजत नाही. तो मोजतो ऑक्सिजन साठवण्याची क्षमता, आणि त्यावरून बाकीचा अंदाज बांधतो. आपण संशोधनात ज्याला प्रॉक्सी म्हणतो, तेच हे. अंदाज बहुतेक वेळा बरोबर असतो, कारण उष्णतेने आणि विषबाधेने साठवण आणि धातू दोन्ही खराब होतात. पण सेन्सरच्या आधी पाइपला बारीक गळती असेल, किंवा सेन्सरच म्हातारा झाला असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. म्हणून कोड म्हणजे निदान नव्हे, तपास कुठून सुरू करायचा एवढंच तो सांगतो.

बदली भाग किती चांगला असावा?

१९७७ च्या दुरुस्तीने गॅरेजवाल्यांनाही कन्व्हर्टर काढून टाकायला बंदी केली आणि १९९० नंतर ही बंदी प्रत्येकाला, अगदी स्वतःच्या गाडीवर हात चालवणाऱ्या मालकालाही लागू झाली. सरळ पाइपचा पर्याय तिथेच संपला.

पण जुन्या गाडीचा मालक महागडा मूळ भाग घेईनाच, तर? तो मेलेला कन्व्हर्टर तसाच ठेवून फिरेल. म्हणून १९८६ मध्ये पर्यावरण खात्याने मधला मार्ग काढला. आफ्टरमार्केट कन्व्हर्टर विकायला परवानगी, पण अटींवर. त्याने हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड ७० टक्के आणि नायट्रोजन ऑक्साइड ३० टक्के कमी केले पाहिजेत, आणि हे काम २५,००० मैल (सुमारे ४०,००० किलोमीटर) टिकलं पाहिजे. मूळ भागाची हमी चालू असेल तर तो बसवायचा नाही. बदलण्याची गरज कागदावर नोंदवायची, आणि काढलेला जुना भाग गॅरेजने १५ दिवस जपून ठेवायचा, म्हणजे कोणाला बघायचा असेल तर बघता येईल.

हे आकडे नीट वाचा. नव्या गाडीवरचा मूळ भाग यापेक्षा खूपच जास्त साफ करतो. म्हणजे नियम करणाऱ्यांना माहीत होतं की बदली भाग कमी दर्जाचा असणार. त्यांनी तुलना मूळ भागाशी केली नाही, मेलेल्या कन्व्हर्टरशी केली. कशाशी तुलना करायची, हे ठरवलं की उत्तर अर्धं ठरतं.

कॅलिफोर्नियाने तुलना बदलली. २००९ पासून तिथे आफ्टरमार्केट कन्व्हर्टर त्या गाडीच्या ओबीडीशी जुळणारा, ५ वर्षं किंवा ५०,००० मैलांची हमी असलेला आणि राज्याच्या मंजुरीचा क्रमांक कोरलेला असावा लागतो. भंगारातला जुना भाग विकायला आणि बसवायला बंदी आली. कारण सरळ होतं. कमी धातू आणि कमी सेरियम असलेला स्वस्त भाग बसवला की दिवा विझतो, आणि काही महिन्यांनी पुन्हा लागू शकतो. पुढे न्यूयॉर्क, मेन आणि कोलोरॅडो यांनीही कॅलिफोर्नियाची वाट धरली. म्हणून आज अमेरिकेत एकाच गाडीसाठी एका राज्यात चालणारा भाग दुसऱ्या राज्यात बेकायदा असू शकतो.

आपल्याकडे

आपल्याकडे हीच गोष्ट दोन दशकांनी घडली. सर्वोच्च न्यायालयात एम. सी. मेहता यांची याचिका चालू होती. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याच वेळी तिथे शिसेविरहित पेट्रोल आलं. देशभर ते २००० साली पोचलं. मधल्या पाच वर्षांत मुंबईची नवी गाडी घेऊन दूर गावी जाणाऱ्याने टाकीत काय भरायचं, हा हूद्रीचाच प्रश्न होता. पुढे रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने इंधनाचा दर्जा आणि गाड्यांच्या मर्यादा यांचं वेळापत्रक एकत्र आखलं. दोन्ही बरोबर चालले पाहिजेत, हा धडा तोवर सगळ्यांनाच मिळाला होता.

पण आपल्या पीयूसी तपासणीत पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, गाडी जागेवर उभी असताना. नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. म्हणजे तीनपैकी एक काम कन्व्हर्टर करतोय की नाही, हे त्या कागदावरून कळतच नाही. पुण्यात जुन्या गाडीला कोणता भाग बसवायचा हे ठरवताना पीयूसी मिळाली म्हणजे झालं, असं म्हणणारा माणूस अप्रामाणिक असेलच असं नाही. त्याला जे दाखवलं जातं तेच तो बघतोय.

मग ठरवायचं कसं?

इतिहास समोर ठेवला तर प्रश्नांचा क्रम आपोआप लागतो.

पहिला प्रश्न: कन्व्हर्टर खरंच मेला आहे का? गळती आणि सेन्सर आधी तपासायचे. हा तपास नव्या भागाच्या मानाने स्वस्त असतो.

दुसरा: मेला असेल तर कशाने? कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही. इंजिन मिसफायर करत असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली वीट वितळू शकते. हलवल्यावर आत खुळखुळ वाजत असेल तर वीट फुटलेली आहे. इंजिन ऑइल जाळत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस पृष्ठभागावर बसतो, शिसं बसायचं तसाच. कूलंट आत गळत असेल तर त्यातला सिलिकॉन बसतो. यातलं काही चालू असताना नवा भाग बसवला, मग तो कितीही महाग असो, तो त्याच वाटेने जाणार. म्हणून गरज असेल तर पहिला खर्च स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल किंवा ऑइल सील यांवर.

तिसरा: कोणता नियम लागू आहे? बॉनेटखाली चिकटवलेल्या लेबलवर गाडी कोणत्या मानकाला बनवली ते लिहिलेलं असतं, आणि राज्याचा नियम वेगळा बघावा लागतो.

चौथा, आणि पैशाचा विचार इथे येतो: गाडी किती दिवस ठेवायची आहे? डिग्री व्हायला चार वर्षं असतील तर २५,००० मैलांसाठी बनवलेला भाग मध्येच संपू शकतो, आणि दोनदा स्वस्त घेणं एकदा चांगलं घेण्यापेक्षा महाग पडू शकतं. सहा महिन्यांत गाडी सोडायची असेल तर नियमात बसणारा आफ्टरमार्केट भाग घेणं चुकीचं नाही. तो पर्याय १९८६ मध्ये अशाच मालकासाठी ठेवला गेला.

सरळ पाइप मात्र या यादीत कुठेच येत नाही. बाकी पर्यायांत फरक पैशाचा आणि टिकण्याचा आहे. पाइप जोडला की मालकाचा खर्च वाचतो आणि तो खर्च रस्त्याकडेला राहणाऱ्यांच्या छातीत जातो, ज्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

आणि जुना कन्व्हर्टर गॅरेजमध्ये लगेच सोडून येऊ नका. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, त्यामुळे त्याला भंगारात चांगली किंमत मिळते आणि गॅरेजवाला तो हसत ठेवून घेईल. त्याआधी दोन्ही टोकांनी टॉर्च मारून आत बघा. वीट वितळलेली आहे, फुटलेली आहे, पांढरट थराने माखलेली आहे, की दिसायला ठीकठाक आहे? तुमच्या इंजिनमध्ये गेली काही वर्षं काय चाललं होतं, याचा सगळ्यात चांगला पुरावा तोच आहे. नवा भाग किती टिकेल, ते त्याच्या किमतीवरून जेवढं कळेल, त्यापेक्षा जास्त या जुन्या विटेकडे बघून कळेल.